सुट्टीचा दिवस : बगळा ढोंगी नाही, तो कामावर आहे



आपल्या भाषेने एका पक्ष्याची फार बदनामी केली आहे. तो पक्षी म्हणजे बगळा. एखादा माणूस वरून साळसूद आणि आतून लबाड निघाला की त्याने ‘बकध्यान’ लावले असे आपण म्हणतो. तळ्याकाठी जो मातकट रंगाचा लहान बगळा दिसतो, ज्याला खेड्यात ढोकरी म्हणतात, त्याचे पुस्तकी नाव तर ‘वंचक’ असे ठेवले आहे. वंचक म्हणजे फसवणारा! जातककथांमध्येही बकजातक आहे. आटणाऱ्या तळ्यातील माशांना मोठ्या सरोवरात नेतो असे सांगून बगळा एकेकाला खातो आणि शेवटी खेकडा त्याची मान कापतो, अशी ती कथा. कथेचा बोध खरा आहे. परंतु तो बोध माणसासाठी आहे. बगळ्याने कधी कोणाला वचन दिलेले नाही.

खरी गोष्ट पाहिली तर पाण्यात एका पायावर उभा असलेला बगळा डोळे मिटून नसतोच. तो टक लावून पाहत असतो. त्याच्याजवळ साठा नाही, कोठार नाही, उधारीही नाही. मासा मिळाला तर पोट भरेल, नाही मिळाला तर उपाशी. आपल्याकडे नगावर मजुरी करणारे हात जसे असतात, तशी त्याची अवस्था आहे. अशा कष्टकऱ्याला ढोंगी म्हणणे बरोबर नाही. तो कामावर आहे.

त्याचे हे काम पाहावे आणि जमल्यास त्याचा फोटो काढावा, यासाठी आजचा लेख. मासा पकडतानाच्या बगळ्याचा फोटो काढणे हा श्रीमंतांचा छंद आहे असे आपल्या मुलांना वाटते. त्यात काही अंशी तथ्य आहे. मोठ्या लेन्सची किंमत लाखाच्या घरात जाते. परंतु हे पक्षी श्रीमंतांच्या बंगल्यात राहत नाहीत. ते खाडीत, गटाराच्या मुखाशी, गावतळ्यात, धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे आपल्या वस्त्यांच्या शेजारी राहतात. मानखुर्द ते वाशी लोकलने रोज जाणाऱ्या माणसाला ते फुकट दिसतात. पाहण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

पाण्यात उभे राहणारे कोण कोण?

लांब पायांनी उथळ पाण्यात उभे राहून पोट भरणारे पक्षी अनेक प्रकारचे आहेत. त्यातील निवडक ओळखता आले तरी पुरे.

लहान बगळा पांढराशुभ्र, चोच काळी, पाय काळे आणि पंजे मात्र पिवळे. पिवळे मोजे घातल्यासारखा दिसतो. हा स्वस्थ बसत नाही. एक पाय चिखलात थरथरवतो, दडलेला मासा किंवा कोळंबी घाबरून बाहेर पडते आणि तो झडप घालतो. मोठा बगळाही पांढराच, पण उंच आणि मान लांब. राखी बगळा राखाडी रंगाचा, उभा राहिला की जवळजवळ मीटरभर उंच. हा पुतळ्यासारखा उभा राहण्यात पटाईत. ढोकरी चिखलाच्या रंगात मिसळून जाते, उडाली की पंख एकदम पांढरे दिसतात आणि आपण दचकतो. समुद्रकाठी आणि खाडीत खडक बगळा असतो. तो काही वेळा गडद निळसर राखाडी तर काही वेळा पांढरा असतो, जात मात्र एकच. रातबगळा संध्याकाळी आपण घरी परततो तेव्हा पाळीवर निघतो.

करकोचे वेगळे. त्यांतील चित्रबलाक म्हणजे रंगीत करकोचा फार देखणा. पिवळी जाड चोच, शेपटीजवळ गुलाबी पिसे. बगळा आणि करकोचा ओळखण्याची सोपी खूण अशी की उडताना बगळा मान मुडपून घेतो आणि करकोचा मान सरळ ताणून उडतो. उघड्या चोचीचा करकोचा मुख्यतः गोगलगायी खातो. आणि ज्याच्यासाठी मुंबईत गर्दी लोटते तो रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, मासे पकडतच नाही. तो चोच उलटी बुडवून पाण्यातील शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. त्यामुळे मासेमारीचा फोटो हवा असेल तर फ्लेमिंगोच्या थव्याकडे पाठ फिरवून काठावरच्या एकट्या बगळ्याकडे पाहावे.

वाटीतले नाणे

बगळ्याचे कसब समजण्यासाठी घरच्या घरी एक प्रयोग करा. मुलांना बरोबर घ्या. स्टीलच्या वाटीच्या तळाशी एक रुपया ठेवा. मुलाला हळूहळू मागे सरकायला सांगा. नाणे वाटीच्या कडेआड जाऊन दिसेनासे झाले की त्याला तिथेच थांबवा. आता नाणे हलू न देता वाटीत हळूच पाणी ओता. नाणे पुन्हा दिसू लागेल! नाणे जागचे हललेले नाही. पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो, म्हणून ते वर उचलल्यासारखे दिसते. अगदी वरून सरळ पाहिले तरी पाण्याची खोली खऱ्या खोलीच्या पाऊणपटच भासते. तिरपे पाहिले तर फरक आणखी वाढतो.

बगळा तिरपेच पाहतो. म्हणजे मासा जिथे दिसतो तिथे तो नसतो. दिसतो तिथे चोच मारली तर ती रिकामीच बाहेर येईल. खडक बगळ्यावर शास्त्रज्ञांनी प्रयोग केले तेव्हा आढळले की मासा किती खोल दिसतो आणि खरा किती खोल आहे यांतील फरक हा पक्षी भरून काढतो. तो डोके विशिष्ट कोनात आणून मगच झेप घेतो. शाळेत न जाता केलेले हे गणित आहे. झेपेआधी बगळा मान तिरपी करतो, थोडा पुढे झुकतो, डोके मागे घेतो, ती चलबिचल नसते. तो नेम धरत असतो.

नेम धरला की पुढचे काम मान करते. बगळ्याची मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली असते. मानेतील सहावा मणका वेगळ्या घडणीचा असल्यामुळे तिथे कोपर वाकावे तशी ती वाकते. दाबून धरलेली स्प्रिंग सुटावी तशी मान सुटते. पुष्कळांना वाटते की बगळा मासा भाल्यासारखा भोसकतो. कधी कधी भोसकतोही, पण बहुतेक वेळा तो चिमट्यात धरावा तसा दोन चोचींमध्ये धरतो.

चित्रबलाकाची रीत निराळी. तो डोळ्यांवर फारसा विसंबत नाही. चोच अर्धी उघडी ठेवून गढूळ पाण्यात बुडवतो आणि झाडू मारावा तशी डावी-उजवीकडे फिरवतो. मासा चोचीला लागला की चोच मिटते. अमेरिकेतील त्याच्या जातभाईवर, वुड स्टॉर्कवर, १९६०च्या दशकात झालेल्या अभ्यासात चोच मिटायला सेकंदाचे केवळ २५ हजारांश लागतात असे मोजले गेले. म्हणजे एका सेकंदाचे ४० भाग केले तर त्यातला एक भाग! आपली पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

आणि जपानमधील कुमामोतो शहरातल्या बागेत हिरवट पाठीचे लहान बगळे चक्क आमिष वापरताना नोंदले गेले आहेत. कीटक, पिसाचा तुकडा किंवा काटकी पाण्यावर टाकायची आणि मासा वर आला की पकडायचा. गळ टाकणाऱ्या माणसापेक्षा यात काय कमी आहे?

हिशेब मांडून पाहू

आता फोटोकडे वळू. मी वाणिज्य शाखेचा, म्हणून आधी हिशेब. मोबाइलवर साधे चित्रीकरण सेकंदाला ३० चित्रे घेते. करकोच्याची चोच मिटते सेकंदाच्या चाळिसाव्या भागात. म्हणजे ती घटना दोन चित्रांच्या मधल्या फटीतच संपून जाऊ शकते. आपण बटण दाबतो ते तर मासा पोटात गेल्यावर! म्हणून ‘झेप दिसली की फोटो काढीन’ असे म्हणणाऱ्याच्या हाती फक्त पाण्याची वलये येतात. परंतु अनेक मोबाइलमध्ये संथ चित्रीकरणाची सोय असते. त्यात सेकंदाला २४० चित्रे मिळत असतील तर त्याच चाळिसाव्या भागाची सहा चित्रे हाती येतात. लाखाची लेन्स नसलेल्या घरातही हा शोध घेता येतो. मोबाइलला लांबचे दिसत नाही, ही अडचण खरी. त्यावर साधी दुर्बीण तिकाटण्यावर किंवा विटांवर स्थिर ठेवून तिच्या एका डोळ्याला मोबाइलचा डोळा नीट लावावा. थोडा सराव लागतो, पण जमते.

ज्याच्याजवळ कॅमेरा आहे त्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शटरचा वेग सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून जलद हवा. उडणारे थेंब मोत्यासारखे गोठलेले हवे असतील तर दोन हजारावा भाग. एकामागोमाग एक फोटो घेण्याची सोय चालू ठेवावी आणि नेम धरण्याची लक्षणे दिसताच, म्हणजे झेपेच्या आधीच, बटण दाबावे. फोकस पक्ष्याच्या डोळ्यावर. डोळा धूसर असेल तर बाकी सर्व स्पष्ट असूनही फोटो निर्जीव वाटतो.

पांढऱ्या बगळ्याची एक खास अडचण आहे. मागे काळसर पाणी, पुढे पांढरा पक्षी आणि डोक्यावर ऊन. कॅमेरा काळोख पाहून प्रकाश वाढवतो आणि बगळा चुना फासल्यासारखा होतो, पिसांची एकही रेघ दिसत नाही. अशा वेळी प्रकाश मुद्दाम अर्ध्या ते एका टप्प्याने कमी करावा. कोवळ्या उन्हात, सूर्य पाठीशी ठेवून, शक्य तितके खाली बसून फोटो घ्यावा. उभ्याने घेतलेल्या फोटोत पाणीच पाणी दिसते. बसून घेतलेल्यात आपण बगळ्याच्या बरोबरीने येतो.

आणखी एक गुपित. झेपेचा क्षण हुकला तरी निराश होऊ नये. खरा फोटो पुष्कळदा त्यानंतर मिळतो. माशाला खवले आणि काटे असतात. तो शेपटीकडून गिळला तर काटे घशात उघडतील. म्हणून बगळा मासा चोचीत फिरवतो, उडवून झेलतो, डोके आत येईल असा वळवतो आणि मगच गिळतो. शिंगाळ्यासारखा काटेरी मासा असेल तर हा खेळ बराच वेळ चालतो. तोवर दुसरा बगळा हिसकावून घ्यायला धावून येतो. तेव्हा बोट बटणावरून काढू नका.

तिथीची पाऊणपट

खाडीवर जायचे तर घड्याळापेक्षा भरती-ओहोटी महत्त्वाची. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली असतो, बगळे कांदळवनाच्या झाडांवर किंवा बांधावर विसावतात. पाणी ओसरू लागले, चर उघडे पडले, निवट्या चिखलावर उड्या मारू लागल्या की पाळी सुरू होते.

यासाठी आपल्या कोकणातील दर्यावर्दींचा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी, त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, दुपारी आणि पहाटे तीनच्या आसपास भरती. तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास. फोटोला हीच वेळ उत्तम. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी भर दुपारी, ऊन डोक्यावर, म्हणून फोटोच्या कामाचा दिवस नव्हे. हा ढोबळ हिशेब आहे. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडे उशिरा पोहोचते. आज भरती-ओहोटीचे तक्ते मोबाइलवर मिळतात, तरी कोळीवाड्यातल्या एखाद्या काकांना ‘काका, आज उधाण की भांग?’ असे विचारून बघा. पौर्णिमा-अमावास्येला पाणी फार चढते आणि फार उतरते ते उधाण, अष्टमीच्या आसपास कमी चढ-उतार होतो तो भांग. ज्याने आयुष्यभर त्या चिखलात पाय रोवले त्याला कोणत्या चराला बगळा कधी येतो हे पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक असते. मारुती चितमपल्ली यांनी जे अफाट पक्षिज्ञान मराठीत आणले, त्यात जंगलातल्या आणि पाण्याकाठच्या साध्या माणसांकडून ऐकलेल्या गोष्टींचा मोठा वाटा आहे.

मुलांना घेऊन जाताना एक पथ्य कडक पाळा. खाडीच्या चिखलात उतरायचे नाही. तो कमरेपर्यंत गिळतो आणि भरती परत येते. रेल्वे रुळावर किंवा पुलावर उभे राहून फोटो काढायचा नाही. एका फोटोची किंमत जीव नव्हे.

नोकरी करणाऱ्यांनी सुरू केलेला मार्ग

पक्ष्यांचे फोटो काढण्याची विद्या कोणी सुरू केली, हे वाचून आपल्या तरुणांना बळ येईल. इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या डोंगराळ खेड्यातले रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोन भाऊ शेतकऱ्याची मुले. रिचर्ड लहानपणीच्या अपघाताने पायाने अधू. दोघेही लंडनला कॅसेल या प्रकाशनसंस्थेत नोकरीला होते. १८९२ साली त्यांनी पक्ष्याच्या घरट्याचा अंड्यांसह फोटो घेतला आणि १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांवर असे पुस्तक काढले की ज्यातील सर्व चित्रे प्रत्यक्ष जागेवर घेतलेले फोटो होते. पक्षी बुजू नयेत म्हणून त्यांनी बैलाचे कातडे सांगाड्यावर ताणून पोकळ बैल तयार केला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन बसले! त्या काळी एकेक काच फार जपून वापरावी लागे. फिल्मच्या काळातही एका रोलमध्ये ३६ फोटो, मग रोल धुण्याचा खर्च वेगळा. आज बिघडलेला फोटो पुसून टाकायला पैसा लागत नाही. शिकण्याची ही सवलत आपल्या मुलांना मिळाली आहे, तिचा लाभ घेतला पाहिजे. एका घराला कॅमेरा परवडत नसेल तर मंडळातील पाच-सहा मुलांनी वर्गणी काढून जुना, चांगल्या झूमचा कॅमेरा घ्यावा आणि पाळीपाळीने वापरावा.

टोपीतली पिसे

बगळ्याच्या इतिहासात एक काळे पान आहे. विणीच्या दिवसांत पांढऱ्या बगळ्याच्या पाठीवर जाळीदार नाजूक तुरे येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील श्रीमंत स्त्रियांच्या टोप्यांत हे तुरे खोवण्याची फॅशन आली. भाव इतका चढला की वजनास वजन या पिसांना सोन्याहून जास्त पैसे मिळू लागले. तुरे विणीतच येतात, म्हणून मारले जात ते पिलांचे आईबाप. मागे घरट्यात पिले भुकेने मरत. याविरुद्ध प्रथम आवाज उठवला तो स्त्रियांनीच. १८८९ साली इंग्लंडमध्ये त्यांनी पक्षिरक्षणाची संस्था काढली. १९०२ साली हिंदुस्थानातून रानपक्ष्यांची पिसे निर्यात करण्यास बंदी झाली आणि १९२१ साली ब्रिटनने आयात रोखणारा कायदा केला. मतदानाचाही हक्क नव्हता अशा काळात स्त्रियांनी सुरू केलेल्या चळवळीने अखेर कायदा करून घेतला, ही गोष्ट आपल्या महिला मंडळांनी आवर्जून वाचावी अशी आहे.

आज टोपीसाठी कोणी बगळा मारत नाही. आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार करण्यास आणि घरटी-अंडी मोडण्यास मनाई आहे. परंतु हव्यास नव्या रूपात आला आहे. उडणारा थवा हवा म्हणून होडी थेट थव्यात घुसवणे, टाळ्या वाजवणे, दगड मारणे, जवळचा फोटो मिळावा म्हणून मासे टाकून बगळ्याला काठाशी आणणे, असे प्रकार घडतात. हा पक्षी दिवसभर मेहनतीने जी शक्ती जमवतो ती आपण एका फोटोसाठी उधळायला लावतो. पावसाळ्यात झाडांवर बगळ्यांची वसाहत असते. तिथे जवळ जाऊन गडबड केली तर पिले घाबरून खाली पडतात. घरट्याचा फोटो दुरूनच, आणि तोही थोडा वेळ.

आपल्यापैकी अनेक जण नगरपालिकांच्या उद्यान, घनकचरा आणि वीज विभागांत काम करतात. त्यांना एक विनंती. पावसाळ्याच्या तोंडाला किंवा पावसाळ्यात फांद्या छाटण्याचा हुकूम आला तर आधी वर पाहा. घरटी दिसली तर मुकादमाला दाखवा, साहेबांना लेखी कळवा. कागद राहिला की दोष तुमच्यावर येत नाही आणि पिलेही वाचतात.

कुठे जाल?

मुंबई-ठाणेकरांना ठाणे खाडी जवळची. तिचा सुमारे १,६९० हेक्टर भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर, दर्जा मिळाला. ऐरोलीला वनविभागाचे केंद्र आहे. पुणे-सोलापूरकरांसाठी भिगवण. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि फुगवट्याच्या उथळ कडांवर पक्षी येऊ लागले. धरणात जमिनी गेलेल्या या भागात आज मच्छीमार तरुण होडीतून पक्षी दाखवून चार पैसे मिळवतात. जाल तेव्हा त्यांच्याशी घासाघीस करू नका, आणि ‘होडी थव्याजवळ घ्या’ असा आग्रहही धरू नका. जवळच भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची वसाहत प्रसिद्ध आहे. नाशिककरांना गोदावरीवरील नांदूर मध्यमेश्वर, ज्याला राज्यात प्रथम रामसर दर्जा मिळाला. मराठवाड्याला पैठणचा नाथसागर, विदर्भाला नवेगावबांध. हे सर्व लांब वाटत असेल तर गावच्या तळ्यावर जा. ढोकरी तिथेही आहे.

फोटो म्हणजे पुरावा

शेवटी मुद्द्याची गोष्ट. बगळा उभा राहतो ती जागा सरकारी कागदावर पुष्कळदा ‘पडीक’ किंवा ‘दलदल’ असते. मग तिथे रात्री डंपर येतात, राडारोडा पडतो, भराव होतो. त्या जागेचा उपयोग काय, असे विचारले जाते. उपयोग २६ जुलै २००५ रोजी कळला. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी सामावून घेणाऱ्या जागा आधीच बुजवल्या होत्या. पाणी शिरले ते कोणाच्या घरात? नाल्याकाठच्या, मिठी नदीकाठच्या, सखल चाळींत राहणाऱ्यांच्या. भांडी, धान्य, मुलांची पुस्तके, कागदपत्रे वाहून गेली. म्हणजे बगळ्याचे पाणी बुजले की आपले घर बुडते, असा हा सरळ हिशेब आहे. त्यावर कहर असा की पर्यावरणाची चर्चा निघाली की बोट झोपडीकडे दाखवले जाते, डंपरकडे नाही.

तेव्हा फोटो केवळ भिंतीवर लावण्यासाठी काढू नका. एक दोनशे पानी वही करा. तारीख, वेळ, तिथी, जागा, कोणता पक्षी, किती वेळा झेप घेतली, किती वेळा मासा मिळाला, कोणता मासा. एक तास बसून झेपा मोजा. किती वाया जातात आणि तरी तो कसा पुन्हा नेम धरतो, हे मुलांना समजावून सांगण्याची गरज राहणार नाही. अशी नोंद वर्षभर ठेवली आणि फोटोंवर तारीख असली तर ते कागद बोलू लागतात. उद्या कोणी ‘इथे कधी पाणी नव्हतेच, पक्षी नव्हतेच’ असे म्हणाले तर तहसीलदार, महापालिका किंवा जिल्हाधिकारी यांच्या अर्जाला हे फोटो जोडता येतात. कांदळवने तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली मनाई केली आणि २०१८ सालच्या निकालाने तिला बळकटी आली. कायदा आहे, परंतु कायद्याला साक्षीदार लागतो. ज्याचे घर खाडीकाठी आहे त्याच्याएवढा चांगला साक्षीदार दुसरा कोण?

येत्या सुट्टीला एवढे करा. कॅलेंडरवर तिथी पाहा, तिला पाऊणने गुणा, ओहोटीची वेळ काढा. डबा, पाण्याची बाटली, वही, मोबाइल घ्या. घरातील मुलीलाही बरोबर न्या, केवळ मुलाला नको. काठावर सुरक्षित जागी शांत बसा. पहिल्या दिवशी फोटो मिळणार नाही, हे गृहीत धरा. एक तासभर एकच बगळा पाहा, आणि पहिल्या पानावर तारीख टाका.